स्टेशनरीत ‘ए’ की ‘ई’? सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द तुम्ही कसे सांभाळता?

फ्लेक्सवाला, बेळगाव
नमस्कार मंडळी. खडेबाजारच्या अलीकडे माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. तिन्ही भाषांतल्या पाट्या करतो. कन्नड मजकूर गिऱ्हाईक मोबाइलवर पाठवतं, मराठी मी स्वतः टाइप करतो, आणि इंग्रजी दोघांनी मिळून ठरवायचं असतं. तिथंच घोळ झाला.

गेल्या आठवड्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा बोर्ड केला. १२ बाय ४ फूट, मागं लोखंडी चौकट, आत लाइट. कन्नड वर मोठं, इंग्रजी खालच्या पट्टीत. बोर्ड चढला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. तिसऱ्या दिवशी कॉलेजची एक मुलगी रिफिल घ्यायला आली आणि मालकांना म्हणाली, “काका, दुकान जागचं हलत नाही असं लिहिलंय वर.” ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला होता. संगणकानं लाल रेघ मारली नाही, कारण ‘ए’वालाही शब्द खराच आहे.

मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अण्णा, पोरं इथं वह्या न्यायला येतात. दारातच चूक वाचून आत यायची काय?” ते मला फार लागलं. पट्टी माझ्या खर्चानं बदलून देतोय.

तर विचारायचं असं, की असे सारखे ऐकू येणारे शब्द तुम्ही कसे वेगळे ठेवता? नेटवरच्या याद्या नकोत, त्या वाचून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही झालो. तुमच्या कामात कुठं अडलात आणि कसे सुटलात ते सांगा. मशीनच्या वर कागद चिकटवणार आहे.

मारुती_गल्ली
‘अचल’मधला अ म्हणजे ‘ए’. ‘एन्व्हलप’ची सुरुवात ‘ई’नं, म्हणून कागदाच्या सामानाला ‘ई’. एवढं पुरे होतंय बघ.

फ्लेक्सवाला, बेळगाव
अचल! हे पक्कं बसलं. कागदावरची पहिली ओळ तुमची.

निवृत्त_गुरुजी, खानापूर
मारुती गल्लीकरांची खूण चांगली आहे. पण ते दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, हे सांगितलं की मुलं ते जन्मभर विसरत नाहीत, असा माझा वर्गातला अनुभव.

मध्ययुगात युरोपात बहुतेक माल फेरीवाले विकत. पुस्तकं आणि कागद विकणारा मात्र विद्यापीठाच्या आसपास एका जागी दुकान मांडून बसे. लॅटिनमध्ये ‘स्टॅशिओ’ म्हणजे उभं राहण्याची जागा. जागेवर बसणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडचा माल तो स्टेशनरी. लंडनमध्ये या लोकांच्या संघाला १५५७ मध्ये शाही सनद मिळाली. ‘स्टेशनर’ या शब्दात ‘ई-आर’ आहे, पुढं ‘वाय’ लावला की झालं. बेकरचं बेकरी होतं तसंच हे. आता गंमत बघा. त्या लॅटिन शब्दाचं मूळ आणि आपल्या ‘स्था’ धातूचं मूळ एकच. स्थान, स्थिर, स्टेशन, स्टेशनरी ही सगळी चुलत भावंडं. तुमच्या गिऱ्हाइकाचं दुकान ‘स्थिर’ म्हणणं अर्थानं चुकलं, वंशावळीनं नाही.

दुसरं सांगतो. इंग्रजीत हे सारखे ऐकू येणारे शब्द एवढे का झाले? स्पेलिंग जुनं राहिलं आणि उच्चार पुढं गेला, हे एक मोठं कारण. कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना घातला १४७६ साली. त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, पण त्याच शतकांत लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर सरकत होते. ‘मीट’ म्हणजे भेटणं आणि ‘मीट’ म्हणजे मांस यांचे उच्चार पूर्वी वेगळे होते, म्हणून एकात ‘ई-ई’ आणि दुसऱ्यात ‘ई-ए’. ‘नाइट’ म्हणजे सरदार, यातला ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जाई. स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराचं जपून ठेवलेलं दफ्तर समजा. मग त्याचा राग येत नाही.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
गुरुजी, हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझी अडचण ‘डाय’ची. आमच्या फाउंड्रीत आणि शेजारच्या शॉपमध्ये ‘डाय’ म्हणजे साचा, ठसा. डाय फिटर, डाय कास्टिंग, दिवसभर तोच शब्द. मग बाहेरगावच्या पार्टीला मेल लिहायचा होता की कास्टिंगची डाय पेनिट्रंट टेस्ट झाली. मी सवयीनं ‘डी-आय-ई’ लिहिलं. तिकडून विचारणा आली, ‘साच्याची टेस्ट की मालाची?’ दोन दिवस माल गेटवर थांबला.

तो ‘डाय’ ‘वाय’चा. म्हणजे रंग. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: कास्टिंग साफ करायचं, लाल रंगाचं पातळ द्रव मारायचं, काही मिनिटं मुरू द्यायचं, वरचं पुसून काढायचं आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. कुठं बारीक तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतो. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा क्रॅक असा उमटतो की नवीन पोरं बघतच राहतात. तेव्हापासून माझी खूण ही: पोटात मुरतो तो ‘वाय’चा. ‘वाय’ अक्षर बघा, वर उघडं आणि खाली निमुळतं, तड्यासारखंच.

वडगावची_सून
उद्यमबागवाले, तुमचा डाय आमच्या घरात रोजचा! माहेर निपाणी, सासर वडगाव, घरात माग. सूत रंगवायला बाहेर देतो. एकदा नवीन ठिकाणाहून बिल आलं, वर ठळक ‘डाइंग’, पण मधला ‘ई’ गाळलेला. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, सहावीला. तो वाचून घाबरला, “आई, कोण मरायला लागलंय?”

मग त्याच्या मॅडमनी सांगितलं की रंगवण्याच्या शब्दात ‘ई’ मुद्दाम ठेवतात, मरण्याच्या शब्दापासून वेगळा कळावा म्हणून. मी सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “रंग पक्का असला की सूत मरत नाही, असं ध्यानात ठेव.” त्यांना इंग्रजी येत नाही, पण खूण त्यांनीच दिली.

नेट_पिढी
एवढं कशाला? फोन सगळं सुधारतो आता.

सिस्टरअक्का
नेट_पिढी, बाळा, फोनच घात करतो. दोन्ही शब्द बरोबर असले तर तो गप्प बसतो. मी पूर्वी जिथं होते तिथं कॉरिडॉरमध्ये ‘शांतता राखा’चा छापील कागद होता. त्यात ‘ई’ आणि ‘टी’ची अदलाबदल झालेली, म्हणजे ‘शांत’च्या जागी ‘बऱ्यापैकी’. कित्येक महिने तसाच होता.

आमच्या कामात जपायचा शब्द म्हणजे ‘इलियम’. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम, आणि कमरेचं रुंद हाडही इलियम. उच्चार अगदी एक. आतड्याच्या शब्दात मधे ‘ई’, हाडाच्या शब्दात ‘आय’. मी ‘ईट’मधला ‘ई’ आतड्याला देते. तरी पाळी बदलताना तोंडी सांगायचं असेल तर मी स्पेलिंगवर विसंबत नाही. सरळ म्हणते, “आतडं हं, हाड नव्हे.” जिथं चूक महाग पडते तिथं साधा शब्द जोडून बोलायचं. मुलींनाही हेच शिकवते.

फ्लेक्सवाला, बेळगाव
अक्का, हे फार कामाचं. फोनवर ऑर्डर घेताना मी आता विचारणार, “म्हणजे काय हो?”

कॅम्पातला_माजी_सैनिक
फौजेत आम्हाला ‘कोर’ हा शब्द पहिल्याच महिन्यात शिकवला. लिहायचा ‘सी-ओ-आर-पी-एस’, पण ‘पी’ आणि ‘एस’ दोन्ही मुके. पुढं ‘ई’ लावला की ‘कॉर्प्स’ होतो आणि अर्थ होतो प्रेत. एका जवानानं घरच्या पत्रात आपल्या कोरचं नाव लिहिताना तो ‘ई’ लावला होता. उस्तादांनी त्याला बाजूला घेऊन प्रेमानं समजावलं, कारण पत्र घरी आई वाचणार होती.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
साहेब, आमचा ‘कोर’ वाळूचा! कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात तो. उच्चार तोच, स्पेलिंग ‘सी-ओ-आर-ई’.

काजूगर
कॅम्पातल्या साहेबांनी सुरुवात केलीच आहे तर ‘कर्नल’ राहिला की! फौजेतला कर्नल आणि काजूचा गर, दोघांचा उच्चार एक. आमचा काजूचा कारखाना चंदगडच्या बाजूला, पण माल बेळगावात येतो. परदेशी गिऱ्हाइकाचा फोन असला की दहा वेळा ‘कर्नल’ म्हणावं लागतं. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. आमच्याकडची एक कामगार मावशी भाचा फौजेत असल्याचं अभिमानानं सांगते, “आमच्याकडं दोन तऱ्हेचे कर्नल.”

फौजेतल्या शब्दात ‘आर’ दिसतच नाही, तरी ऐकू येतो. हे असं का, गुरुजी?

निवृत्त_गुरुजी, खानापूर
तो शब्द इटालियनमधून आला, तिथं ‘एल’चं रूप होतं. फ्रेंचमध्ये ‘आर’चंही रूप चालत होतं. इंग्रजांनी लिहिताना ‘एल’ धरला, बोलताना ‘आर’ ठेवला.

सीमेवरचा
पाट्यांचा विषय निघालाच आहे तर ६० टक्के कन्नडच्या नियमाबद्दलही बोला ना. आणि मराठी कुठं गेली पाटीवरून?

व्यवस्थापक
सीमेवरचा, विषय महत्त्वाचा आहे, त्यावर वेगळा धागा चालू आहे. हा धागा शब्दांवर ठेवू या.

दहावीची_मुलगी
मी मराठी माध्यम, यंदा एसएसएलसी. माझी अडचण स्पेलिंगची नाही, कानाची आहे. मॅडमनी डिक्टेशनला ‘टेस्ट’ सांगितलं. मी चव लिहिली, होती परीक्षा. ‘पेपर’ला मी कागद लिहिलं, होती मिरी. बाकावर माझ्या शेजारी बसते तिच्या घरी कन्नड बोलतात. तिचे दोन्ही बरोबर. ती म्हणते, “ऐकायलाच वेगळं येतंय की गं!” मला खरंच एकच ऐकू येतं. असं का?

गोकाककर
पोरी, तुझी मैत्रीण खरं बोलते. कन्नडमध्ये ‘ए’ दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘ओ’सुद्धा दोन. वेगळी अक्षरंच आहेत. मराठीत ‘ए’ एकच, म्हणून आपला कान दोन्ही एकाच खणात टाकतो. परीक्षेची टेस्ट ऱ्हस्व, चवीची दीर्घ. मिरीचा पेपर ऱ्हस्व, कागदाचा दीर्घ. पेन म्हणजे लेखणी ऱ्हस्व, दुखणं दीर्घ. कन्नड पोराला हे आईच्या मांडीवरच कळलेलं असतं.

पुस्तकी कन्नडातलं उदाहरण घे. ‘बेळे’ ऱ्हस्व ‘बे’नं म्हटलं तर पीक, दीर्घ ‘बे’नं म्हटलं तर डाळ. ‘कोडु’ ऱ्हस्व तर दे, दीर्घ तर शिंग. मराठीत लिहिताना मला दोन्ही सारखेच लिहावे लागतायत, बघ. आपल्या लिपीत रोजच्या वापरात त्याला खूणच नाही.

रविवार_पेठ
होय होय! आमच्या धान्याच्या दुकानात हे रोज. फक्त गोकाककर, आपल्या भागात खेड्यातला माणूस डाळीला ‘ब्याळी’ म्हणतो आणि पिकाला ‘बेळी’. म्हणून गल्ल्यावर कधी घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो बेंगळूरकडचा माणूस आला की. तो ‘तोगरी बेळे’ म्हणाला आणि आमचा नवीन मराठी पोरगा सांगत बसला, यंदा तुरीचं पीक कसं आहे ते. गिऱ्हाईक शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “एरडु किलो कोडि.” दोन किलो द्या.

गोकाककर
खरं आहे, ब्याळीच. घरी आम्हीपण ब्याळीच म्हणतो. मी पुस्तकातलं सांगितलं.

टिळकवाडी_लेखणी
पण एकच बाजू नको. मराठी कानाला जे ऐकू येतं ते कन्नड कानाला अवघड जातं, तेही आहेच. आपल्याकडं ॲ आणि ऑ आहेत. ‘कॉट’ आणि ‘कोट’, ‘हॉल’ आणि ‘होल’, एक माणूस आणि अनेक माणसं, म्हणजे ‘मॅन’ आणि ‘मेन’, हे आपल्याला न शिकवता कळतं. कन्नडमध्ये ‘बँक’ लिहिताना ‘ब्यांक’ असं लिहावं लागतं, ‘हॉल’चा ‘हाल’ होतो. आणि ‘हालु’ म्हणजे दूध.

‘ज’चंही तसंच. ‘जरा’मधला ज आपला. म्हणून ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’, किंमत आणि बक्षीस, आपल्याला वेगळे ठेवता येतात. ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणं हेही जमलं पाहिजे, फक्त आपण दोन्हीला ‘लूज’ म्हणून मोकळे होतो.

दहावीच्या मुली, मी तुझ्या जागी असते तर त्या मैत्रिणीशी सौदा केला असता. तू तिला मॅन-मेन दे, तिनं तुला टेस्ट-टेस्ट द्यावं.

दहावीची_मुलगी
आजच तिला दाखवते हे!

निवृत्त_गुरुजी, खानापूर
टिळकवाडीताई, अगदी मनातलं बोललात. मुलीला आणखी एक: चवीच्या ‘टेस्ट’मध्ये इंग्रज माणसाचा जबडा हलतो. ‘ए’वरून ‘इ’कडं सरकतो, जवळजवळ ‘टेइस्ट’. परीक्षेच्या ‘टेस्ट’मध्ये जबडा जागेवर राहतो. हनुवटीखाली बोट ठेवून म्हणून बघ.

मारुती_गल्ली
बोट ठेवून बघितलं. घरचे विचारतायत काय झालं म्हणून. पण फरक कळला, खरंच.

पतसंस्थेतला
‘प्रिन्सिपल’ कुणी घेतलाच नाही. आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या अर्जात मुद्दलाचा रकाना इंग्रजीत आहे, आणि एका छपाईत तिथं ‘तत्त्व’ पडलं होतं. सभासदाकडून तत्त्व किती वसूल झालं, असा तो रकाना. माझी खूण: मुख्याध्यापक, मुद्दल, जे मुख्य असेल त्याच्या शेवटी ‘पी-ए-एल’, म्हणजे ‘पाल’. मुख्याध्यापक म्हणजे शाळेचा पालक. तत्त्व ‘एल-ई’वर संपतं.

काळा_कोट
कोर्टात तीन ‘साइट’ आहेत. जमिनीची साइट, नजरेची साइट आणि निवाड्याचा दाखला देणं ती साइट. इथं बेळगावात पहिलीचाच बोलबाला, ३० बाय ४० ची साइट घेतली की माणूस पेढे देतो. म्हणून ज्युनिअर मुलं दाखल्यालाही तेच स्पेलिंग लावतात आणि निवाडा प्लॉटवर बसतो. दाखला ‘सी’चा, ‘एस’ त्यात नाहीच. नजरेच्या साइटमध्ये ‘जी-एच’ आहे, ‘लाइट’मध्ये आहे तसाच, उजेड असला तरच दिसतं.

तसंच ‘कौन्सिल’. परिषद ती ‘सी-आय-एल’. विधान परिषद सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशनाला येते ती ही. सल्ला आणि वकील तो ‘एस-ई-एल’. ‘एस’ सल्ल्याचा.

सिस्टरअक्का
‘एस’ सल्ल्याचा म्हणू नका वकीलसाहेब! ‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये सल्ला हे नाम ‘सी’चं आहे आणि सल्ला देणं हे क्रियापद ‘एस’चं. पोरं गोंधळतील.

काळा_कोट
मान्य, अक्का. खूण मागं घेतो. परिषदेचा ‘सी’ दोनदा येतो एवढंच धरा. आणि तुमचा नियम पुढंही चालतो. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ही तसेच, नाम ‘सी’चं, क्रियापद ‘एस’चं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स ‘सी’नं लिहिलंय.

टिळकवाडी_लेखणी
एक वेगळं मत मांडते. या सगळ्या जोड्या शेजारी शेजारी लिहून पाठ केल्यानंच जास्त घोळ होतो. मी शिकवण्या घेते. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ एकाच दिवशी शिकवले की मुलं परीक्षेत नाणं उडवतात. मी आधी ‘इफेक्ट’ पक्का करते, परिणाम म्हणून, महिनाभर. साइड इफेक्ट, साउंड इफेक्ट, इफेक्ट झाला नाही. तो घरचा झाला की मग दुसरा आणते. पहिला ओळखीचा असला की दुसरा पाहुणा म्हणून वेगळा दिसतो.

निवृत्त_गुरुजी, खानापूर
पूर्ण सहमत. माझी ३१ वर्षं हेच सांगतात.

पतसंस्थेतला
असहमत. मोठ्या माणसाला महिनाभर थांबायला वेळ नसतो. फॉर्म आज भरायचा असतो. आम्हाला खूणच लागते.

टिळकवाडी_लेखणी
पोटापाण्याच्या कामाला खूण, शिकणाऱ्या मुलाला वेळ. हे चालेल?

पतसंस्थेतला
चालेल.

वडगावची_सून
एवढ्या तळमळीनं आपण मराठीच्या ‘सुत’ आणि ‘सूत’कडं बघतो का? पहिला मुलगा, दुसरा मागावरचा. बोलताना कान सांगत नाही, लिहिताना हात चुकतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ तसंच. फ्लेक्सवाले भाऊ, शिवजयंतीच्या बोर्डावर ‘दिन’ नीट टाका हं.

फ्लेक्सवाला, बेळगाव
ताई, ते कधी चुकू देत नाही. वचन.

मंडळी, पट्टी आज बदलली. मी स्वतः शिडीवर होतो. जुनी उतरवून नवी लावली, मालकांनी खालून मोबाइलवर फोटो काढला आणि त्या कॉलेजच्या मुलीला दाखवायला ठेवून दिला. मशीनच्या वरचा कागदही तयार आहे: अचल, पाल, मुरणारा ‘वाय’, आणि सगळ्यात वर अक्कांचं “म्हणजे काय हो?” पाठ करायची यादी केली नाही, टिळकवाडीताईंचं ऐकलं. ज्या दिवशी जो शब्द अडेल तो त्या दिवशी लिहायचा.

आणि आजच एक अडलाय. बिल्डरचा बोर्ड आहे, तळमजल्यावर तीन मजले. इंग्रजीत ‘स्टोरीज’ लिहून पाठवलंय, पण ते गोष्टींचं स्पेलिंग वाटतंय. चारला प्रिंटला सोडायचंय.

निवृत्त_गुरुजी, खानापूर
मजल्याच्या शब्दात ‘वाय’च्या आधी ‘ई’. अनेकवचनाला नुसता ‘एस’ लावा, ‘वाय’ बदलू नका. अमेरिकेत तो ‘ई’ गाळतात.

मारुती_गल्ली
बिल्डर अमेरिकेचा की आपल्या बेळगावातल्या भाग्यनगरचा?

फ्लेक्सवाला, बेळगाव
भाग्यनगरचा.

मारुती_गल्ली
मग ‘ई’ घाल. वर जायला एक पायरी लागते.

फ्लेक्सवाला, बेळगाव
घातला. बिल्डरला फोन करून विचारूनही घेतलं, “म्हणजे मजलेच ना हो?” होय म्हणाले. सोडतोय प्रिंटला.